फारसे कुणाला माहीत नसलेले, पण खेळायलाच हवेत असे इंडी गेम : सोलापूरकरांचे वारंवार येणारे प्रश्न

आम्ही काही जण रविवारी संध्याकाळी एकत्र बसून छोटे, कमी गाजलेले गेम खेळतो आणि दिसेल त्याला सुचवतो. त्यामुळे नव्या पेठेत मोबाइलचं कव्हर घ्यायला गेलं तरी कुणीतरी गाठून विचारतंच. कॉलेजची पोरं विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात, पुण्याला नोकरीला गेलेले मित्र रात्री मेसेज करतात. प्रश्न बहुतेक ठरलेले असतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. यातला प्रत्येक गेम आवडला म्हणूनच सुचवला आहे.

इंडी गेम म्हणजे नेमकं काय?

एका माणसाने किंवा लहानशा टीमने, मोठ्या कंपनीच्या हुकमाखाली न राहता बनवलेला गेम. जपानच्या दाइसुके अमाया यांनी ‘केव्ह स्टोरी’ एकट्याने बनवला. चित्रं, संगीत, प्रोग्रॅमिंग सगळं त्यांचंच. पाच वर्षं खपून २००४ मध्ये त्यांनी तो फुकट देऊन टाकला. तो मूळ गेम आजही फुकट मिळतो आणि आजही तितकाच छान वाटतो. एकट्याने केलं म्हणजे कच्चं असणार, हा समज त्या एका गेमने माझ्या मनातून कायमचा गेला.

इतके चांगले असतील तर आम्हाला त्यांची नावं माहीत कशी नाहीत?

गर्दी. २०२४ या एका वर्षात स्टीमवर, म्हणजे संगणकाचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, १८ हजारांहून जास्त नवे गेम आले, म्हणजे रोज पन्नासच्या आसपास. मोठ्या कंपनीकडे जाहिरातीला पैसा असतो. तीन माणसांच्या टीमचा सगळा पैसा गेम बनवण्यातच संपलेला असतो. पहिल्या काही दिवसांत लोकांनी घेतला नाही तर दुकानाच्या पहिल्या पानावरून तो खाली जातो आणि मग त्याला शोधत कुणी येत नाही.

आपल्याकडे त्यात आणखी एक भर आहे. मराठीत गेमबद्दल जे बोललं जातं ते बहुतांशी बीजीएमआय आणि फ्री फायर या मोबाइलवरच्या लढाईच्या गेमपुरतं असतं. तेही खेळा, त्याला माझी ना नाही. पण नाटक-सिनेमावर आपण तासन्‌तास वाद घालतो, तसा एखाद्या गेमवर घालायला काय हरकत आहे?

तुमच्या यादीत स्टारड्यू व्हॅली, होलो नाइट, सेलेस्ट, बलाट्रो का नाहीत?

उत्तम आहेत. पण त्यांना माणसं मिळाली आहेत. ही यादी ज्यांना अजून मिळायची आहेत, त्यांच्यासाठी आहे. यातल्या काहींना बाहेर बक्षिसंही मिळाली आहेत, तरी सोलापुरात नाव घेतलं तर समोरचा कोऱ्या चेहऱ्याने बघतो.

दादा, एवढं वाचायला वेळ नाही. एकच नाव सांगा.

‘चांट्स ऑफ सेनार’. फ्रान्समधल्या तुलूझ शहरातल्या रनडिस्क नावाच्या चिमुकल्या स्टुडिओने २०२३ मध्ये आणला. लॅपटॉप बऱ्यापैकी असेल तर यापासूनच सुरुवात करा.

एक अवाढव्य मनोरा आहे. त्याच्या प्रत्येक मजल्यावर वेगळे लोक राहतात आणि प्रत्येकाची भाषा व लिपी वेगळी. खालच्यांना वरचे कळत नाहीत, वरच्यांना खालचे. तुम्ही तळाशी जागे होता आणि तुम्हाला कुणाचंच काही कळत नाही. मग ऐकायचं, बघायचं, अंदाज बांधायचा. दाराशी उभा असलेला माणूस हात हलवतो आणि त्याच्या डोक्यावर दोन चिन्हं उमटतात. पहिलं चिन्ह ‘नमस्कार’ असेल का? तुम्ही वहीत तसं लिहून ठेवता. पुढे तेच चिन्ह एखाद्या पाटीवर भलत्याच ठिकाणी दिसतं आणि तुमचा अंदाज कोसळतो. वहीच्या पानांवर चित्रं असतात. पानावरच्या सगळ्या चित्रांखाली बरोबर चिन्हं बसली की गेम तो अर्थ पक्का करतो. त्या क्षणी जो आनंद होतो तो शंभर शत्रू मारून होत नाही.

तिसऱ्या लोकांपर्यंत पोचलात की वाक्यातला शब्दांचा क्रमच बदलतो आणि आतापर्यंतचा आत्मविश्वास निघून जातो. खेळणारा तिथे हमखास वही-पेन मागतो. पुढे तर खरं काम सुरू होतं : दोन मजल्यांवरच्या लोकांचं बोलणं एकमेकांना समजावून द्यायचं. आपल्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत आजीशी तेलुगू, दुकानात कन्नड, शाळेत मराठी आणि रिक्षात दख्खनी चालते. चार भाषांमध्ये ये-जा करत वाढलेल्या पोराला हा गेम ज्या ओळखीने भिडतो, तसा एकाच भाषेत वाढलेल्याला भिडेल असं मला वाटत नाही. म्हणूनच सोलापुरात तो घरोघरी पोचावा अशी माझी फार इच्छा आहे.

दुसऱ्या मजल्यावर पहारेकऱ्यांपासून लपत जायचे काही भाग आहेत, ते कंटाळवाणे आहेत. तेवढे दामटून पुढे जा.

खुनाचा छडा लावायला आवडतो. तसं काही?

‘द केस ऑफ द गोल्डन आयडल’, २०२२. लॅटव्हियातल्या दोन भावांनी केलेला. अठराव्या शतकातल्या मृत्यूंची एक मालिका आहे आणि प्रत्येक वेळी तुम्हाला एक थिजलेला क्षण दाखवला जातो. कुणी कोसळतोय, कुणी ओरडतंय, सगळं जागच्या जागी थांबलेलं. तुम्ही खिशातली चिठ्ठी उघडता, भिंतीवरची यादी वाचता, टेबलावरचा पेला न्याहाळता. दिसलेली नावं आणि क्रियापदं खाली गोळा होत जातात. मग गाळलेल्या जागा भरायच्या : अमक्याने तमक्याला कशासाठी आणि कशाने मारलं. दोनपेक्षा जास्त चुका नसतील तर गेम तेवढंच सांगतो. कुठल्या दोन, हे सांगत नाही. त्या दोन जागांवरून आमच्यात जे वाद होतात ते ऐकून शेजारचे येऊन बसतात.

माणसांचे चेहरे मुद्दाम विद्रूप काढले आहेत, त्याने बिचकू नका. संगणकही साधा चालतो. आवडला तर पुढचा भाग ‘द राइज ऑफ द गोल्डन आयडल’ २०२४ मध्ये आला आहे, तो १९७० च्या दशकात घडतो.

मारामारी नको, गोष्ट हवी. आहे का?

‘साइन्स ऑफ द सोजर्नर’ घ्या. इकोडॉग गेम्सचा, २०२० चा. या यादीतला सगळ्यात दुर्लक्षित गेम हाच असावा.

आई गेली आहे, गावातलं तिचं छोटं दुकान तुमच्या गळ्यात आलं आहे. माल आणायला काफिल्याबरोबर गावोगाव जायचं. गेम पत्त्यांचा आहे, पण पत्ते म्हणजे तुमचं बोलणं. प्रत्येक पानाच्या दोन कडांना चिन्हं असतात. समोरच्याने टाकलेल्या पानाशी तुमच्या पानाची कड जुळली तर संवाद पुढे सरकतो, नाही जुळली तर गैरसमज. तुमच्याकडे पानं दहाच. प्रत्येक भेटीनंतर समोरच्याचं एक पान घ्यावंच लागतं आणि आपलं एक टाकावं लागतं.

दूरच्या शहरांत जितकं फिराल तितकी त्यांची चिन्हं तुमच्या हातात येतात. छान वाटतं. तिकडच्या लोकांशी आता झकास जमतं. मग तुम्ही घरी परतता. गावातला लहानपणचा मित्र समोर येतो, त्याची पानं तीच जुनी आहेत आणि तुमच्याकडे त्यांना जुळणारं काहीच उरलेलं नाही. बोलणं दोनदा-तीनदा फसतं. कुणी भांडलेलं नसतं, कुणाचा दोष नसतो.

हिंजवडीत नोकरी करणारा आमच्यातला एक जण हा भाग खेळून बराच वेळ गप्प होता. दिवाळीला घरी आल्यावर वडिलांशी काय बोलावं हे सुचत नाही, असं नंतर म्हणाला. नाव बदलून तेच दुःख एखाद्या कादंबरीत दोनशे पानांत वाचता येईल, पण इथे ते तुमच्या हातातल्या पत्त्यांतून तुमच्याच चालींनी घडतं. गेम या माध्यमाला काय जमतं हे कुणाला पटवायचं असेल तर मी हाच गेम उघडून देतो.

माझ्याकडे फक्त फोन आहे. तेवढ्यावर काय?

पुष्कळ काही आहे. ‘अ डार्क रूम’पासून सुरू करा. मायकल टाउनसेंड यांनी २०१३ मध्ये बनवला, ब्राउझरमध्ये फुकट चालतो. पडद्यावर चित्र नाही. शेकोटी विझली आहे, खोली गारठली आहे एवढं लिहिलेलं आणि खाली एक बटण : शेकोटी पेटवा. दाबा. थोड्या वेळाने दारात कुणीतरी अनोळखी येऊन कोसळतं. यापुढे मी सांगणार नाही, कारण तो कुठून कुठे जातो हे स्वतः बघण्यातच सगळी मजा आहे.

‘बरी मी, माय लव्ह’, २०१७. हा गेम म्हणजे नवरा-बायकोचं चॅट. बायको नूर सीरियातून युरोपकडे निघाली आहे, नवरा माज्द मागे राहिला आहे आणि तुम्ही माज्द आहात. तुमच्या हातात फक्त उत्तरं देणं आहे. नूर बोटीत बसते, फोन बंद होतो आणि गेम तुम्हाला खरोखर काही तास वाट पाहायला लावतो. तुम्ही जेवता, भाजी आणता आणि मध्येच नोटिफिकेशन वाजतं. शेवट १९ प्रकारचे आहेत, सगळे सुखाचे नाहीत.

‘मिनी मेट्रो’ न्यूझीलंडचा, रेषा ओढून मेट्रोचं जाळं उभं करायचं. ‘बाबा इज यू’ फिनलंडच्या आर्वी तेइकारींचा, २०१९. त्यात नियमच ठोकळ्यांवर लिहिलेले असतात आणि ते ठोकळे ढकलून नियम बदलता येतात. भिंत अडवते असं लिहिलं असेल तर त्यातला एक शब्द बाजूला सरकवा, भिंत अडवणं बंद करते. पुढे पुढे तो फार अवघड होतो.

इंग्रजी फारसं येत नाही. मराठीत गेम आहेत का?

मराठीचा पर्याय देणारे गेम फार थोडे आहेत. ही खरी अडचण आहे आणि ती खेळणारे वाढल्याशिवाय सुटणार नाही.

तोवर शब्दांवाचूनचे गेम आहेत. त्यातला ‘गोरोगोआ’ मला सर्वांत प्रिय. जेसन रॉबर्ट्स यांनी कित्येक वर्षं हाताने चित्रं काढून २०१७ मध्ये पूर्ण केला. पडद्यावर चार चौकटी, प्रत्येकीत एक चित्र. चित्रात शिरता येतं, मागे येता येतं, आणि कधी एखाद्या चित्रातली दाराची चौकट उचलून दुसऱ्या चित्रावर ठेवता येते. ठेवली की या चित्रातला मुलगा त्या चित्रात चालत जातो. एका अक्षराचं वाचन नाही. फोनवरही चालतो. आजोबा आणि नातू शेजारी बसून खेळले तर उत्तमच.

‘अनपॅकिंग’ (२०२१, ऑस्ट्रेलिया) मध्येही वाचायचं जवळपास काही नाही. एका मुलीने आयुष्यात घरं बदलली, तिच्या सामानाचे खोके उघडून वस्तू जागेवर लावायच्या. १९९७ मध्ये गोष्ट सुरू होते. एका घरात तिची पदवीची फ्रेम लावायला भिंतीवर जागाच सापडत नाही आणि ती शेवटी पलंगाखाली सारावी लागते. तेवढ्यावरून त्या घरातल्या माणसाबद्दल सगळं कळतं.

आपल्या देशातले गेम?

इथे मी थोडा सविस्तर लिहितो, कारण ‘भारतात कुठे काय बनतं’ हे वाक्य फार ऐकलं आहे.

सगळ्यात जवळचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२०. राजीच्या धाकट्या भावाला, गोलूला असुर पळवून नेतात, ती त्रिशूळ घेऊन त्याच्या मागे निघते आणि तिची गोष्ट दुर्गा आणि विष्णू आपसात बोलत सांगतात. वाडे, कमानी, पाण्याची कुंडं बघत राहावीत अशी आहेत. लढाई जरा ताठर आहे आणि गोष्ट मध्येच तुटल्यासारखी संपते. तरीही खेळा. लॅपटॉपला ग्राफिक्स कार्ड मात्र हवं.

‘अनरेस्ट’, पायरोडॅक्टिल गेम्सचा, २०१४. हा आज जवळपास विस्मरणात गेला आहे. भिमरा नावाचं काल्पनिक प्राचीन शहर, दुष्काळाने गांजलेलं. तुम्ही एकाच नायकाच्या भूमिकेत नसता. कधी राजघराण्यातली मुलगी, कधी मनाविरुद्ध लग्न ठरलेली शेतकऱ्याची पोर. तलवार असली तरी ती उपसणं बहुतेक वेळा चूक ठरतं, बोलूनच निभावून न्यावं लागतं. चित्रं साधी आहेत, काही संवाद लांबतात. पण धान्य संपत आलं की माणसं एकमेकांशी कशी वागायला लागतात, हे त्यात नेमकं पकडलं आहे. सांगोला-मंगळवेढ्याकडच्या माणसाला ते वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

‘वेन्बा’ कॅनडात बनला, पण गोष्ट तमिळ कुटुंबाची आहे. २०२३ चा. १९८० च्या दशकात तिकडे गेलेलं जोडपं आणि तिथे जन्मलेला मुलगा. वेन्बाकडे तिच्या आईची पाककृतींची वही आहे, पण पानं फाटली-पुसली गेली आहेत. अर्धवट ओळींवरून पदार्थ कसा करायचा हे ताडायचं. पहिलाच पदार्थ इडली : वाफ सगळीकडे पोचेल अशी पात्रातली ताटं कशी रचायची? आपल्या घरातल्या कुणालाही विचारा, क्षणात सांगेल, आणि तेच या गेमचं सुख आहे. मुलगा मोठा होत जातो तसा तो आईच्या भाषेत उत्तर देणं सोडत जातो. तास-दीड तासात संपतो. २०२४ मध्ये स्वतंत्र गेमच्या महोत्सवातलं, आयजीएफचं सर्वोच्च पारितोषिक याला मिळालं.

आणि स्टुडिओ ओलिओमिंगस. गुजरातेत वापीजवळच्या चला या छोट्या गावातून ध्रुव जानी आणि त्यांचे सहकारी हे काम करतात. त्यांचा ‘अ म्यूझियम ऑफ ड्यूबियस स्प्लेंडर्स’ (२०१८) फुकट आहे. एका अजब संग्रहालयाची दालनं, अवाढव्य आकाराच्या घरगुती वस्तू आणि मीर उमरहसन नावाच्या, कधीच अस्तित्वात नसलेल्या कवीच्या नावावर रचलेल्या कथा. दुसऱ्या एका गेममध्ये तुम्ही नगरपालिकेचे इमारत खाणारे कर्मचारी आहात. हो, इमारत खायची. कुणाची आठवण पुसली जाते आणि ती कोण पुसतं, यावरचा तो गेम आहे. हे गेम सगळ्यांना रुचतील असं मी म्हणणार नाही. जिंकणं-हरणं त्यांत नाहीच. पण आपल्या मातीतल्या गोष्टी कुणाचं अनुकरण न करता सांगण्याचं धाडस इतकं ठळकपणे मला दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये दिसलेलं नाही.

मुलगा दहावीत आहे. गेम म्हटलं की पैसे बुडाल्याच्याच बातम्या आठवतात. भीती वाटते.

काकू, तुमची भीती रास्त आहे, पण ती दुसऱ्या गोष्टीची आहे. पैसे लावून खेळायची ॲप हा जुगार. त्यांवर बंदी आणणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. इथे सुचवलेले बहुतेक गेम एकदा विकत घ्यायचे असतात, काही तर फुकटच आहेत. आत पुन्हा पैसे मागत नाहीत, आत काय निघेल ते न सांगता नशिबाच्या पेट्या विकत नाहीत, ‘रोज आलास नाही तर बक्षीस बुडेल’ असं धमकावत नाहीत. बरेचसे एक-दोन संध्याकाळींत संपतातही.

माझं सांगणं एवढंच की एकदा शेजारी बसा. ‘गोल्डन आयडल’ खुनांचा आहे, तो मोठ्यांसाठी. ‘गोरोगोआ’, ‘अ शॉर्ट हाइक’, ‘अनपॅकिंग’ कोणत्याही वयाला चालतील. परीक्षेच्या महिन्यात नको, हे मीही त्याला सांगेन.

एका संध्याकाळी संपेल असा एखादा?

‘अ शॉर्ट हाइक’. २०१९, ॲडम रॉबिन्सन-यू. क्लेअर नावाची पक्षीण डोंगरावर सुट्टीला आली आहे, तिला एक महत्त्वाचा फोन यायचा आहे आणि रेंज फक्त शिखरावर. सोनेरी पिसं गोळा करत वर चढायचं. वाटेत कुणाचं काही हरवलेलं असतं, कुणी मासे पकडायला शिकवतं, आणि तुम्ही शिखर विसरून तिथेच रमता. वर पोचल्यावर फोन येतो. तो कुणाचा आणि कशासाठी, हे कळल्यावर चढताना मागे टाकलेल्या सगळ्या फुटकळ गप्पांना अर्थ येतो. डाउनलोड लहान, जुन्या लॅपटॉपवरही चालतो.

चार जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही. लई जुना लॅपटॉप आहे.

केव्ह स्टोरी, गोल्डन आयडल, साइन्स ऑफ द सोजर्नर, बाबा इज यू, अनरेस्ट. घेण्याआधी दुकानाच्या पानावर तळाशी किमान गरजा लिहिलेल्या असतात, त्या वाचा. डेमो असेल तर आधी तो चालवून बघा.

लाइट जाते, नेट अडखळतं, उन्हाळ्यात लॅपटॉप तापतो. उपाय?

यातले जवळपास सगळे गेम एकदा उतरवले की नेटशिवाय चालतात. स्टीमवर ऑफलाइन मोड आहे. जीओजी नावाच्या दुकानात तर गेमची फाइलच मिळते, पेन ड्राइव्हवर जपून ठेवता येते.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की दुपारी खेळूच नका. खेळायचंच असेल तर गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, ३० वर बांधा. पत्त्यांच्या किंवा कोड्यांच्या गेममध्ये डोळ्याला फरक कळत नाही, पंख्याचा आवाज मात्र लगेच कमी होतो. लॅपटॉप गादीवर किंवा चादरीवर ठेवू नका, खालची जाळी बंद होते.

पैसे किती लागतात? आणि कसे भरायचे?

स्टीमवर किमती रुपयांत दिसतात आणि यूपीआयने पैसे भरता येतात. जूनअखेरीस आणि डिसेंबरअखेरीस मोठे सेल लागतात. आवडलेला गेम विशलिस्टमध्ये टाकून ठेवा, सवलत आली की मेल येतो. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. एपिकच्या दुकानात दर गुरुवारी एखादा गेम फुकट देतात, तो त्या आठवड्यात आपल्या खात्यात घेतला की कायमचा आपला.

क्रॅक, म्हणजे कुलूप फोडलेली चोरीची प्रत, फुकट मिळते की. मग विकत कशाला?

मोठ्या कंपनीचा हिशोब मी करत बसत नाही. पण दोघांनी मिळून तीन वर्षं खपून केलेल्या गेमच्या शे-दोनशे प्रती जास्त विकल्या गेल्या, तर त्यांचं घरभाडं निघतं आणि पुढचा गेम होतो. शिवाय क्रॅकबरोबर काय काय आत येतं ते दुरुस्तीच्या दुकानात विचारा. खिशात पैसे नसतील तर केव्ह स्टोरी, अ डार्क रूम, ओलिओमिंगसचे गेम आहेत. ते बनवणाऱ्यांनीच राजीखुशीने फुकट दिलेले आहेत.

पाहुणे आलेत, घरात एकच लॅपटॉप. सगळ्यांनी मिळून काय खेळायचं?

‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स’. एकाला पडद्यावर बॉम्ब दिसतो, बाकीच्यांकडे तो निकामी करायची २३ पानी पुस्तिका असते. ती फुकट मिळते, झेरॉक्सवाल्याकडून छापून आणा. बॉम्बवाल्याने पुस्तिका बघायची नाही, पुस्तिकावाल्यांनी पडदा बघायचा नाही. चार भाचरं, एक मामा आणि तांबड्या वायरीवरून चाललेला आरडाओरडा, याहून चांगली दुपार नाही.

सगळ्यांकडे फोन असतील तर ‘स्पेसटीम’, फुकट. तुमच्या फोनवर येणारी सूचना दुसऱ्याच्या फोनवरच्या बटणासाठी असते, त्यामुळे प्रत्येकाने ओरडायचं. ‘विल्मट्स वेअरहाउस’ दोघांना मिळून खेळता येतो : गोदामात येणारा माल आपल्या मनाप्रमाणे लावायचा आणि गिऱ्हाईक आलं की झटकन काढून द्यायचा. टॉवेल-चादरीच्या दुकानात वाढलेली मंडळी यात ऐकत नाहीत.

सुरू केला, पण अर्ध्या तासात कंटाळा आला. सोडू का?

सोडा. ‘चांट्स ऑफ सेनार’ला मात्र तासभर द्या.

आवडला. आता मी काय करू?

दुकानाच्या पानावर चार ओळींचं परीक्षण लिहा. स्टीमवर दहा परीक्षणं झाल्याशिवाय गेमला ‘चांगला’, ‘संमिश्र’ असा शेरा मिळतच नाही, त्यामुळे छोट्या गेमला तुमचं आठवं-नववं परीक्षण खरोखर लागतं. मराठीत लिहिलंत तरी चालेल. बनवणाऱ्याला निरोप पाठवा. सोलापुरातून कुणी खेळतंय हे त्याला ठाऊक नसतं आणि हे लोक बहुतेक वेळा उत्तर देतात. मग एका माणसाला, ज्याला तो आवडेल अशाच माणसाला, नाव सांगा. ग्रुपवर वीस जणांना लिंक टाकण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

मला स्वतःला गेम बनवायचा आहे. सोलापुरात राहून जमेल?

ओलिओमिंगसच्या लोकांना चला गावात राहून जमलं, तर इथे का नाही? ‘गोडो’ हे इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, पूर्ण फुकट आहे, अर्जेंटिनातल्या दोघांनी सुरू केलेलं, २०१४ पासून सर्वांना खुलं. ते आकाराने लहान आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे २०२३ च्या गोडो ४ पासून देवनागरी नीट उमटते. जोडाक्षरं तुटत नाहीत, पहिली वेलांटी अक्षराच्या योग्य बाजूला बसते. प्रोग्रॅमिंग येत नसेल तर ‘ट्वाइन’ने सुरुवात करा. ब्राउझरमध्ये चालतं, वाक्यं लिहायची आणि पर्यायांनी जोडायची. मराठीत सरळ टाइप करा.

विषय तर पायाशी पडले आहेत. जेकार्ड मागावर भोकं पाडलेल्या पट्ट्यांवरून चादरीची नक्षी उतरते, ते आयतं कोडं आहे : हवी ती नक्षी यावी म्हणून कुठे भोक पाडाल? संक्रांतीची गड्ड्याची यात्रा, नंदीध्वज पेलून मार्गाने नेणं. मे १९३० मध्ये इंग्रज अंमल ढळला आणि लोकांनी काही दिवस शहर आपलं आपण चालवलं, त्या दिवसांत दाणापाणी आणि शांतता कशी राखायची, यावर कुणी गेम केला तर मी पहिल्या दिवशी घेईन.

पहिला गेम केवढा करावा?

दहा मिनिटांत संपेल एवढा. ‘बाबा इज यू’सुद्धा २०१७ मध्ये एका गेम जॅममध्ये, म्हणजे दोन-तीन दिवसांत गेम बनवायच्या स्पर्धेत जन्मला आणि पुढे वाढला. दरवर्षी जानेवारीत ग्लोबल गेम जॅम असतो, त्याच्या तारखा बघून ठेवा. झालेला गेम इच डॉट आयओ या छोट्या गेमच्या संकेतस्थळावर फुकट चढवा, ब्राउझरमध्ये चालेल असा ठेवा, म्हणजे फोनवाल्यांनाही उघडता येईल. आणि आम्हाला लिंक पाठवा. रविवारी संध्याकाळी सगळे मिळून तो शेवटपर्यंत खेळू आणि कोण कुठे अडकलं ते एकेक करून तुम्हाला कळवू.